आदल्या संध्याकाळचे पाहुणे

माझा भाऊ वेंडेलिन बहिरा झाला तो स्वतःच्याच हातोडीने. लाकडी पिंपांवर लोखंडी कड्या ठोकून ठोकून आधी त्याचा उजवा कान गेला, मग डावा, आणि मग त्याला वाटायला लागलं की अख्खं जगच जरा निवांत झालंय. मी त्याची थोरली बहीण. त्याची बायको गेल्यापासून घर मीच सांभाळते, आणि माझं बोलणं ऐकू येत नाही याचं त्याला फार दुःख झालं असेल असं काही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

ऑगस्टमधल्या त्या सोमवारपर्यंत मी त्याच्या बहिरेपणाची थट्टा करायचे. त्यानंतर कधी केली नाही.

मंगळवारी वेंडेलच्या मुलीचं, आमच्या ओटिलीचं लग्न होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतले लोक येतात आणि वधूच्या दारावर जुनी मातीची भांडी आपटून फोडतात. खापऱ्या जितक्या जास्त तितका संसार सुखाचा. वधूच्या बापाने दार उघडायचं, हसायचं आणि फोडणाऱ्याच्या हातात चेरीच्या दारूचा पेला द्यायचा. कोण तुम्ही, असं विचारायचं नाही. कुणाला परत पाठवायचं नाही. शेवटी नवरा-नवरीने मिळून त्या खापऱ्या झाडायच्या. जर्मनीतून समुद्र ओलांडून आम्ही अमेरिकेत लुईव्हिलला आलो तेव्हा घरातलं कपाटसुद्धा आणता आलं नाही, पण ही रीत आणली. तिला बोटीचं भाडं पडत नव्हतं.

लग्नाचा दिवस फादरनी ईस्टरलाच ठरवला होता. त्याच्या आदल्याच दिवशी निवडणूक आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी शहरात एक गुप्त मंडळी बोकाळली होती. बैठक कुठे भरते, म्होरक्या कोण, शपथ कसली, काहीही विचारा, उत्तर एकच: ‘मला काही माहीत नाही.’ लोक त्यांना माहीत-नाहीवालेच म्हणायचे आणि ते त्यांना आवडायचं. बाहेरून आलेला, त्यातून कॅथलिक, त्यातून रविवारी बिअर पिणारा, म्हणजे त्यांच्या लेखी तो तीनदा गुन्हेगार. पोपने म्हणे आम्हाला अमेरिका बळकवायला पाठवलंय. मला पोपने काय, आमच्या चर्चच्या घंटेवाल्यानेही कधी कुठे पाठवलेलं नाही. समोरचा खोगीर शिवणारा प्रूइट इतकी वर्षं आमच्याकडून पिंपं न्यायचा, त्याने मार्चपासून बोलणं टाकलं. त्याची बायको पाण्याच्या पंपावर मला बघितलं की बादली अर्धीच भरून निघून जायची. अर्धी बादली घेऊन तिचं घर कसं चालायचं कोण जाणे.

सोमवारी सकाळपासूनच बातम्या येऊ लागल्या. मतदानाच्या जागी ज्याच्या हातात त्यांच्या पक्षाची पिवळी चिठ्ठी त्याला वाट, बाकीच्यांना दंडुका. मी शाल घेतली आणि गल्लीत दारोदार जाऊन सांगून आले, ‘आज आमच्याकडे काही फोडायला येऊ नका. आवाज नको. उद्या सरळ चर्चमध्ये या.’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

वेंडेलला मात्र पटेना. मी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, ‘आज काही नाही! कुणी येणार नाही!’

‘का? माझी दारू संपेल म्हणून?’

‘गावात मारामाऱ्या चालल्यात!’

‘असू देत. माझ्याकडे शिक्का मारलेला कागद आहे. मी अमेरिकन आहे.’ आणि त्याने रविवारचं जाकीट अंगात घातलं, दाराच्या आत बाकावर पेले मांडले, आणि कुणी रिकाम्या हाताने आलंच तर असावीत म्हणून पायरीवर फुटक्या मडक्यांची आणि बशांची चळत रचून ठेवली. ओटिली म्हणाली, ‘राहू दे गं आत्या. बाबांचा तेवढाच आनंद.’ मी राहू दिलं.

दुपारी मी मागच्या कारखान्यात भुगा गोळा करत होते. कारखाना म्हणजे अंगणातली लांब छपरी, तिथे वेंडेलची पिंपं ओळीने उभी असतात. भिंतीवरून काहीतरी धपकन पडलं. बघते तर लोरेन्झ, आमचा होणारा जावई. कान फाटून लोंबत होता आणि शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत लाल.

‘आत्या, ओरडू नका,’ तो म्हणाला. मी ओरडणार नव्हतेच.

लोरेन्झ दगड घडवणारा. पोरगा गरीब गाय, पण हात म्हणजे घण. तो आपला नागरिकत्वाचा कागद घेऊन मत द्यायला गेला. त्यांनी कागद फाडला. त्याने तेही सोसलं. मग एकाने त्याच्या कानावर दंडुका घातला, आणि लोरेन्झने एकच ठोसा दिला.

‘तो पडला, आत्या. उठला नाही.’

‘मेला?’

‘मी बघायला थांबलो नाही. ते माझ्या मागे आहेत. दगडवाला, कान फुटलेला, असं ओरडत घरं तपासताहेत.’

ओटिली मागच्या दारात येऊन उभी होती. ती रडली नाही, किंचाळली नाही. तिने कमरेच्या एप्रनने त्याचा कान बांधला आणि मला म्हणाली, ‘आत्या, पिंप.’

बिअरच्या भट्टीवाल्यासाठी बनवलेलं मोठं पिंप भिंतीला लागून होतं, वरचं झाकण अजून बसवायचं राहिलेलं. लोरेन्झ त्यात उतरला आणि गुडघे छातीशी घेऊन बसला. आम्ही झाकण नुसतं वर ठेवलं, फट राहील असं, आणि त्यावर भुग्याचं पोतं टाकलं. ‘काहीही झालं तरी खोकायचं नाही,’ मी आत सांगितलं. आतून आवाज आला, ‘हो, आत्या.’ उद्या ज्याने माझ्या भाचीला चर्चमधून हाताला धरून न्यायचं, तो पिंपात बसून मला हो आत्या म्हणत होता.

आता हे वेंडेलला सांगायला हवं होतं. पण कसं? ज्याला काही सांगायचं तर बोंबलावं लागतं, त्याला गुपित कसं सांगणार? आमच्या भिंती फळ्यांच्या, ऑगस्टच्या उकाड्यात खिडक्या सगळ्या उघड्या, समोर प्रूइट. लिहून दाखवावं तर त्याला अक्षरओळख नाही. मी खुणा केल्या. दगड घडवल्यासारखं केलं, म्हणजे लोरेन्झ. मग खाली बसून डोक्यावर हात धरले, म्हणजे लपलाय.

वेंडेलने नीट पाहिलं. ‘लोरेन्झ दगड घेऊन येणार आणि तू घाबरून खाली बसणार? अगं पोलोनी, दगड कशाला? मडकी आहेत ना बाहेर.’

मी त्याचा हात धरून त्याला मागे ओढू लागले. त्याने हात सोडवून घेतला. ‘आज बापाने दार सोडायचं नसतं,’ म्हणाला. पुन्हा बाकावर बसला आणि पाठ दाराला टेकवली.

संध्याकाळ झाली, पण ऊन अजून होतं. नदीच्या बाजूने गोळ्यांचे आवाज यायला लागले. आधी एकेक, मग कढईत मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसे. वरच्या अंगाला धूर चढला. कुणीतरी पळत गेलं, कुठेतरी बाई ओरडली आणि मध्येच थांबली. ओटिली स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून उभी होती आणि प्रत्येक आवाजाला माझा दंड दाबत होती. दुसऱ्या दिवशी तिथे काळेनिळे डाग होते. आणि या सगळ्यात आमचा वेंडेल दाराला टेकून तोंड पाडून बसलेला.

‘एक माणूस नाही आला,’ तो म्हणाला. बहिऱ्याचं बोलणं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढं मोठं. ‘एक बशी नाही फुटली. लग्न आहे की मयत? मी त्या सगळ्यांच्या पोरींच्या लग्नाला मडकी फोडली!’

‘हळू बोल रे,’ मी म्हणाले, आणि ओठांवर बोट ठेवलं.

‘गप्प बसू? पोरीच्या लग्नाला?’

तेवढ्यात दारावर पहिलं मडकं फुटलं.

त्याला ते ऐकू आलं नाही. पण पाठीला फळी हादरलेली कळली. दुसरं फुटलं, तिसरं फुटलं. बाहेर पुरुषांचा हशा. वेंडेलच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की त्याचं लग्न झालं त्या दिवसानंतर मी तसा पाहिला नव्हता. ‘आले!’ तो म्हणाला. मी धावले. तीन पावलांचं तर अंतर. मी पोचायच्या आत त्याने अडसर उचलला आणि दार सताड उघडलं.

बाहेर बारा-पंधरा जण होते. कुणाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा, कुणाकडे बंदूक. पुढे तांबड्या दाढीचा एक धिप्पाड माणूस, खाटकाचा एप्रन घातलेला, आणि त्याच्या उगारलेल्या हातात आमचीच फुटकी बशी. दार असं स्वतःहून उघडेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो तसाच हात वर करून उभा राहिला.

‘फोड, फोड!’ वेंडेल आपल्या भाषेत ओरडला. ‘हातात धरून काय बसलास? फोड!’ आणि त्याने तांबड्या दाढीवाल्याच्या दुसऱ्या हातात दारूचा पेला कोंबला.

‘हा म्हातारा काय बोलतोय?’ दाढीवाल्याने विचारलं.

मग ओटिली पुढे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती त्यांच्या भाषेत म्हणाली, ‘ते म्हणताहेत, फोडा. उद्या माझं लग्न आहे. आमच्यात ते शुभ असतं.’

‘शुभ?’

‘हो. जितकं फोडाल तितकं.’

मागून कुणीतरी खिदळला. ‘अरे, मग पोरीचं भलं करू या की!’ आणि ते आत घुसले.

मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकलेत, पण आपल्या स्वयंपाकघरातलं आपलं सामान फुटण्याचा आवाज अंगात कुठे जाऊन बसतो ते मला त्या दिवशी कळलं. मोठी बशी गेली, दुधाची भांडी गेली, वहिनीने बाडेनहून मांडीवर घेऊन आणलेला सूपचा हंडा गेला. आणि प्रत्येक वेळी माझा भाऊ टाळ्या वाजवत होता! रीतीप्रमाणे फक्त जुनं फोडायचं असतं, पण पाहुण्यांना अमेरिकेत तेवढं कळत नसेल, असं मानून घेतलं असणार त्याने. तो ज्याच्या त्याच्या हातात पेला देत होता, पाठ थोपटत होता. त्यांना वाटलं म्हातारा खुळा आहे. खुळ्याला मारण्यात मजा नसते. तेवढ्यामुळे तो वाचला.

‘उद्या दहा वाजता!’ वेंडेल दाढीवाल्याला सांगत होता. त्याला येत होते तेवढे त्यांचे शब्द जुळवून, बोटं दाखवून. ‘तू ये. बायको आण. केक!’

‘मला लग्नाला बोलावतोय!’ दाढीवाला इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसू एकदम थांबलं. ‘ए बाई,’ तो मला म्हणाला, ‘दगडाचं काम करणारा एक जर्मन पोरगा आहे. कान फुटलाय. इकडे आला?’

‘नाही.’

‘मागे काय आहे?’

‘पिंपं.’

ते मागे गेले. वेंडेल त्यांच्या पुढे, हात पसरून, जणू राजाला महाल दाखवतोय. स्वतःच्या कामाचा त्याला फार अभिमान. मी भिंतीला धरून चालले. ओटिलीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

छपरीत शिरल्यावर एक काटकुळा माणूस सरळ त्या मोठ्या पिंपापाशी गेला, पोतं खाली ओढलं आणि झाकणावर चढून बसला. पाय हलवत, टाचा फळ्यांवर आपटत. झाकण एका बाजूला जरासं कलंडलं. मला वाटलं, आता आत पडणार हा.

वेंडेल पाहुण्यांना एकेक पिंप दाखवत होता. पिंप कसं आहे ते तो कानांनी ऐकत नाही, तळवा ठेवून दुसऱ्या हाताने थाप मारतो आणि तळव्याने ओळखतो. हे बघ, हे व्हिस्कीचं, थाप. हे खारवलेल्या मांसाचं, थाप. हे भट्टीवाल्याचं. त्याने काटकुळ्याच्या गुडघ्याशेजारी तळवा ठेवला आणि थाप मारली.

त्याचा हात तिथेच राहिला.

सकाळी स्वतः रिकामं ठेवलेलं पिंप होतं ते. त्याने पुन्हा एकदा थाप मारली, हळू. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग ओटिलीकडे, तिच्या कमरेला नसलेल्या एप्रनकडे. मग या माणसांच्या हातातल्या बंदुकांकडे, जणू त्या आत्ताच उगवल्या होत्या. मी माझ्या भावाला पाळण्यात असल्यापासून ओळखते. त्याचा चेहरा हसराच राहिला, पण त्या चेहऱ्याच्या मागचा माणूस निघून गेला होता. इतका वेळ त्या घरात एकच जण न घाबरलेला होता. आता तोही उरला नाही.

‘यात काय आहे?’ काटकुळ्याने टाच आपटत विचारलं.

‘कोबी,’ मी म्हणाले. माझ्या तोंडून आपोआप निघालं. ‘आंबवलेली. गेल्या वर्षीची आहे, जरा जास्तच मुरलीय. देऊ का बशीत? बशी मात्र तुम्ही ठेवली नाहीत.’

‘शी!’ तो खाली उतरला. ‘हे लोक सडलेलं खातात.’

‘उघडून बघू,’ दाढीवाला म्हणाला, आणि दोन पावलं पुढे आला.

तेव्हा वेंडेलने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मतदानाच्या रात्री अमेरिकन लोक चौकात पिंपांची होळी करतात. दर निवडणुकीला त्याची एक-दोन पिंपं चोरीला जायची आणि तो महिनाभर शिव्या द्यायचा. आता तो मोठ्याने हसत पुढे झाला, व्हिस्कीसाठी बनवलेलं, तेल लावून चकचकीत केलेलं पिंप आडवं केलं आणि दाढीवाल्याच्या पायावर ढकललं. ‘आग!’ तो त्यांच्या भाषेत म्हणाला. हा एक शब्द त्याला चांगला येत होता. ‘आग! मोठी! चला!’ दुसरं आडवं केलं, तिसरं. अख्ख्या उन्हाळ्याचं काम. सगळं अंगणातून फाटकाकडे लोटत सुटला.

‘म्हातारा खरंच येडा आहे!’ कुणीतरी आनंदाने ओरडलं. फुकट मिळालेली पिंपं पाहून पोरासारखे झाले सगळे. एकेकाने एकेक पिंप धरलं आणि गडगडाट करत गल्लीत निघाले. वेंडेल सगळ्यांत पुढे. फाटकातून जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. दाढीवाला शेवटी गेला. जाताना त्याने त्या मोठ्या पिंपाला एक लाथ घातली, नुसती सवयीने.

आतून काहीच आवाज आला नाही. ते लांब गेल्यावर आम्ही झाकण काढलं, तर लोरेन्झने स्वतःचा पंजा तोंडात धरला होता आणि दात आत रुतले होते.

भाजीवाला नेपोमुक पहाट व्हायच्या आत गाडी घेऊन नदीवर जातो. त्याच्या पोत्यांखाली दोघं जाणार, होडीने पलीकडे इंडियानाच्या काठावर, आणि तिथून दुपारी बाराला सुटणाऱ्या बोटीने सेंट लुईला, लोरेन्झच्या काकाकडे. लग्न तिकडचा फादर लावेल. ठरायला काही वेळ लागला नाही. निघायच्या आधी ओटिली स्वयंपाकघरात गेली, ओंजळभर खापऱ्या घेऊन आली आणि छपरीत जमिनीवर पसरल्या. बाहेर जाऊन झाडायची सोय नव्हती. दोघांनी एकाच झाडूला हात लावून त्या ओंजळभर खापऱ्या झाडल्या.

‘बाबांना सांग,’ ओटिली म्हणाली. काय सांग, ते तिला सुचलं नाही.

वेंडेल उजाडल्यावर आला. भुवया जळालेल्या, अंगाला डांबराचा वास. ते त्याला आगीभोवती नाचवत होते, त्याने सांगितलं. तो नाचला. मी बोटाने नदीकडे खूण केली आणि दोन बोटं एकत्र धरली. त्याने मान हलवली. ही खूण त्याला पहिल्याच झटक्यात कळली. मग तो बाकावर बसला आणि त्याचे गुडघे हलायला लागले ते थांबेचनात. मी त्यांच्यावर दोन्ही हात दाबून धरले. मी काही मायाळू बाई नाही, पण तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले आणि रडले.

नऊ-साडेनऊला दारावर थाप पडली. बोटांनी, सभ्यपणे.

दारात तांबड्या दाढीवाला उभा होता. धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. बाजूला बारीक चणीची बायको, डोक्यावर फुलांची टोपी, आणि कडेवर मूल. ‘काल म्हाताऱ्याने बोलावलं होतं,’ तो म्हणाला. जरा ओशाळला होता. ‘बायको म्हणाली, बोलावलंय तर जायला पाहिजे.’

बारा वाजेपर्यंत बोट पलीकडच्या काठाला उभी होती. याला एवढं जरी कळलं असतं की या घरचा जावई दगड घडवतो, तर नदी ओलांडायला त्याला अर्धा तास पुरला असता.

‘या ना,’ मी म्हणाले. ‘बसा. नवरदेव पलीकडून यायचाय. बेकरीवाला आहे. कालच्या गडबडीमुळे होड्या अडल्यात. पोरगी आत तयार होतेय.’

‘हो, काल गडबड झाली खरी,’ तो म्हणाला. त्याने खुर्ची ओढली, आणि ती सरकवताना पायाखाली खापरी कचकन मोडली. तिघांनीही ऐकलं. वेंडेलने नाही. पण त्याने बाटली काढली होती आणि तो हसत होता. अगदी कालच्यासारखं, पूर्ण तोंडभर. मूल त्याच्याकडे बघून हसलं.

मी बारा वाजायची वाट बघत होते आणि घड्याळाकडे न बघण्यासाठी स्वतःशी भांडत होते. दाढीवाला वाईट बोलला नाही. त्याने हवेबद्दल विचारलं. मुलाला दात येताहेत असं बायकोने सांगितलं, मी लवंगेचं तेल लाव म्हणाले. पिंपात कोबी किती दिवस ठेवता, असंही त्याने विचारलं, आणि मी ते शांतपणे सांगितलं. काल हाच माणूस कुऱ्हाडीचे दांडे घेऊन आलेल्या लोकांच्या पुढे होता. मला कालच्यापेक्षा आज त्याची जास्त भीती वाटली.

‘अय्या, विसरलेच,’ बायको म्हणाली आणि तिने टोपलीवरचं फडकं काढलं. ‘रिकाम्या हाताने कसं यायचं? काल तुमचं सगळं फुटलं असं हे म्हणाले. म्हणून हे आणलं.’

दुधाचं तपकिरी भांडं होतं, वर पांढऱ्या रंगाने काढलेला कोंबडा. कान तुटलेला आणि तारेने बांधलेला. गल्लीच्या वरच्या टोकाला गेनोफेवा राहते, आमच्याच गावची विधवा. ती तार मी स्वतः गेल्या हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात बसून बांधली होती. तिचं घर काल जळालं होतं आणि ती कुठे आहे हे सकाळपर्यंत कुणालाच कळलेलं नव्हतं.

वेंडेलनेही ते ओळखलं. त्याचा बाटलीचा हात मध्येच थांबला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दाबला, आणि त्याने पेला भरला.

‘आवडलं का?’ तिने विचारलं. तिचा चेहरा अगदी मोकळा होता. तिला नवऱ्याने काय सांगितलं होतं आणि काय नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

घड्याळात दहालासुद्धा पाच मिनिटं होती. मी ते भांडं दोन्ही हातांनी घेतलं.

‘फार सुंदर आहे,’ मी म्हणाले. ‘थांबा, केक कापते.’